‘क्वांटम आणि मनःशक्ती’ निवासी शिबिर : पहिला दिवस ऐकण्याजोगा, दुसरा टाळण्याजोगा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, तुरीची सोंगणी आटोपत आलेली आणि हरभऱ्याला घाटे धरू लागलेले अशा दिवसांत, एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचे निवासी शिबिर भरले होते. क्वांटम विज्ञान, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांचे शास्त्र, आणि मनाची शक्ती असा विषय पत्रकावर छापलेला होता. शुल्क माणशी ३,५०० रुपये होते आणि त्यात राहणे, चहा-नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण, एक छापील पुस्तिका आणि शेवटी प्रमाणपत्र एवढे मिळत होते. आयोजकांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीची शिबिरे निरनिराळ्या नावांनी गावोगावी भरताना दिसतात आणि नाव बदलले तरी आतला मजकूर फारसा बदलत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमचे काही विद्यार्थी आणि त्यांचे पालक नाव नोंदवून आले होते, म्हणून मीही रीतसर पैसे भरून बसले.

निर्णय आधीच सांगते. पहिला दिवस चांगला, आणि काही ठिकाणी फारच चांगला होता. दुसऱ्या दिवशी जे विकले गेले त्याला पहिल्या दिवशी सांगितलेल्या शास्त्रज्ञांपैकी एकाच्याही मताचा आधार नाही. मनाला क्वांटम सिद्धांतात स्थान देणारे विचारवंत खरोखरच होऊन गेले आणि आजही आहेत. ते मत थट्टेवारी नेण्यासारखे नाही. पण त्यांनी मनाला जे दिले आणि या शिबिरात मनाच्या नावावर जे खपवले गेले, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

व्यवस्थेबद्दल तक्रारीला जागा नाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या होत्या, गाद्या स्वच्छ होत्या, वीज गेली की जनरेटर लगेच सुरू होत होता, आणि पहिल्या रात्रीचा पाटवडी-रस्सा व ज्वारीची भाकर यांची आठवण काढणारे लोक अजून भेटतात. मागच्या रांगांना ध्वनिक्षेपकाचा आवाज फाटून ऐकू येत होता, एवढेच.

पहिल्या दिवशी सकाळी दोन फटींचा प्रयोग प्रत्यक्ष दाखवण्यात आला, आणि शिबिराचा हा सर्वांत उत्तम भाग होता. काचेच्या पट्टीवर दिव्याची काजळी धरून, दाढीची दोन पाती एकत्र धरून तिच्यावर एकदाच ओढली होती, त्यामुळे दोन अगदी जवळच्या समांतर रेघा मोकळ्या झाल्या होत्या. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, जत्रेत मिळणारा लाल लेसर त्या रेघांवर धरला, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर लाल-काळे, लाल-काळे असे पट्टे उमटले. लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६५० नॅनोमीटर, रेघांमधील अंतर पात्याच्या जाडीइतके म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, आणि भिंत चार मीटरवर धरली, तर पट्ट्यांमधील अंतर २.६ सेंटिमीटर येते. मुलांनी पट्टी लावून मापले तेव्हा ते त्याच्या जवळपासच भरले. बारावीच्या पुस्तकात हा प्रयोग आकृती म्हणून असतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी खेड्यातील किती मुलांना मिळते, हे मला रोजच्या अनुभवाने माहीत आहे, त्यामुळे आयोजकांना या सकाळचे श्रेय मनापासून द्यावेसे वाटते.

त्यानंतर मार्गदर्शकांनी योग्य तेच सांगितले. प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच कण जावा, तरीही पुष्कळ वेळाने कणांच्या ठिपक्यांतून हेच पट्टे उभे राहतात. इलेक्ट्रॉनांबाबत हे १९८९ मध्ये जपानमध्ये आकिरा टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रफितीत टिपून दाखवले, आणि कण कोणत्या फटीतून गेला हे कळण्याची सोय केली की पट्टे नाहीसे होतात. इथपर्यंत सर्व ठीक होते. पुढचे वाक्य मात्र असे आले : ‘म्हणजे आपण पाहताच सृष्टी बदलते.’

यावर अकरावीतील एका मुलीने उभे राहून विचारले, ‘सर, आपण सगळे त पट्टेच पाहून राहिलो, मग ते जात काहून नाहीत?’

सभागृह हसले. माझ्या मते दोन दिवसांतील सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता, आणि त्याला मिळालेले उत्तर सर्वांत वाईट. ‘चित्त अजून एकाग्र झालेले नाही, उद्या पाहा’ असे तिला सांगण्यात आले. खरे उत्तर असे आहे की भिंतीकडे पाहण्याचा पट्ट्यांशी काहीही संबंध नसतो. कण कोणत्या फटीतून गेला याची खूण जगात कोठेतरी उमटली, तरच पट्टे पुसट होतात, आणि मग ती खूण कोणी वाचली काय आणि न वाचली काय, फरक पडत नाही. याचा अतिशय सुंदर पुरावा २००४ मध्ये व्हिएन्नात अँटोन झायलिंगर यांच्या गटातील संशोधकांनी दिला. कार्बनच्या ७० अणूंचे चेंडूसारखे रेणू लेसरने तापवून त्यांनी निर्वातातील जाळ्यांमधून सोडले. रेणू जितका अधिक तापलेला, तितका तो वाटेत प्रकाश बाहेर टाकतो, जसे तापलेले लोखंड टाकते, आणि त्या प्रकाशात रेणू कोठे होता याची बातमी असते. तो प्रकाश कोणी पाहिला नाही, कोणी पकडला नाही, तो उपकरणाच्या भिंतींत विरून गेला. तरीही तापमान वाढवत नेले तसतसे पट्टे फिके होत गेले. तेथे मन नव्हते, चित्त नव्हते, एकाग्रता नव्हती. खूण मात्र होती. त्या मुलीला एवढे सांगितले असते तर शिबिराचे निम्मे पैसे वसूल झाले असते.

दुपारच्या सत्रात मन या विषयात मुळात आले कोठून, याचा इतिहास होता, आणि तो मला अपेक्षेपेक्षा बराच प्रामाणिकपणे सांगितलेला वाटला. गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात मापनाची साखळी मांडली. एखाद्या वस्तूचे तापमान घ्यायचे आहे असे समजा. तापमान तापमापीतील पाऱ्यावर उतरते, पाऱ्याची उंची प्रकाशातून डोळ्यात येते, डोळ्याच्या पडद्यावरून मज्जातंतूत, तेथून मेंदूत. या साखळीत पाहिली जाणारी वस्तू कोठे संपते आणि पाहणारा कोठे सुरू होतो, ही रेघ कोठेही ओढली तरी गणिताचे उत्तर तेच येते, असे नॉयमन यांनी दाखवले. पण कोठेतरी ती ओढावीच लागते. कारण कणाची अवस्था काळाप्रमाणे कशी बदलते हे सांगणारे श्रॉडिंगरचे समीकरण एकटे सोडले तर ते शक्यता शक्यताच ठेवते, एक निकाल कधीच देत नाही, आणि आपल्या अनुभवाला मात्र नेहमी एकच निकाल येतो. १९३९ मध्ये फ्रिट्झ लंडन आणि एडमंड बाउअर यांनी ही रेघ स्पष्टपणे निरीक्षकाच्या स्वतःच्या जाणिवेपाशी नेऊन ठेवली : आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे स्वतःशी ओळखण्याची क्षमता फक्त जाणीव असलेल्याकडे आहे, असे त्यांचे म्हणणे.

भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांच्या ‘मित्रा’ची गोष्ट तर मार्गदर्शकांनी चांगलीच रंगवली. विग्नर यांनी ती १९६१ मध्ये मांडली आणि पुढे दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळाले, अर्थात ते वेगळ्या कामासाठी. मित्र बंद खोलीत बसून मापन करतो आणि आपण बाहेर थांबतो. आपल्या गणिताप्रमाणे आपण दार उघडून विचारेपर्यंत मित्रासकट सगळी खोली दोन शक्यतांत लटकलेली असते. पण मित्राला विचारावे, तर तो म्हणणार की मला निकाल केव्हाच दिसला होता. मित्राच्या जाणिवेला खोटे ठरवण्याची विग्नर यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी उलट बाजूने विचार केला की जेथे जाणीव येते तेथे क्वांटमचे नेहमीचे समीकरणच बदलत असावे. माझ्या मते हा युक्तिवाद आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो, आणि ते त्याचे बलस्थान आहे.

मात्र दोन गोष्टी वगळण्यात आल्या, आणि त्या विसरून राहिल्या असे मला वाटत नाही. पहिली अशी की विग्नर पुढे स्वतःच या मतापासून दूर गेले. डिटर झे यांनी १९७० पासून असे दाखवायला सुरुवात केली होती की कोणतीही मोठी वस्तू भोवतालच्या हवेपासून, प्रकाशापासून क्षणभरही अलिप्त राहू शकत नाही, आणि त्यामुळे तिच्यातील शक्यतांचा आपसांतील मेळ तत्काळ विस्कटतो. विग्नर यांना हे पटले. दुसरी गोष्ट ही की क्वांटम सिद्धांत घडवणारे नील्स बोहर आणि वेर्नर हायझेनबर्ग यांची नावे शिबिरात ‘मनवादी’ म्हणून घेतली गेली, ते बरोबर नाही. बोहर यांचा भर मापनाच्या उपकरणावर आणि त्यावर उमटणाऱ्या, पुसता न येणाऱ्या नोंदीवर होता. हायझेनबर्ग यांनीही शक्यतेचे निकालात होणारे रूपांतर वस्तू आणि उपकरण यांच्या संबंधात होते, निरीक्षकाच्या मनातील नोंदीत नव्हे, असे नंतर स्पष्ट लिहिले आहे. ही सर्व मते एकाच पोत्यात भरली की ऐकणाऱ्याला वाटते, सगळे थोर लोक एकच म्हणत होते.

चहाच्या आधी आमच्या रांगेतील एका काकाजींनी माईक मागून घेतला. त्यांची कपाशी कोरडवाहू आहे आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडे शेतात, ठेवल्याने गुलाबी बोंडअळीने त्यांचे नुकसान झालेले आहे. ते म्हणाले, ‘बोंड फोडून पाह्यल्याबगर आत अळी हाय का नाई ते समजत नाई, हे खरं हाय जी. पण आमी फोडू तवाच ते अळी होते, असं कसं म्हनता?’ मार्गदर्शकांनी ‘वाः’ म्हणून विषय पुढे नेला. मला तेथेच थांबावेसे वाटले, कारण क्वांटम सिद्धांतातील खरा पेच समजावून सांगायला हिरव्या बोंडाहून चांगले साधन आमच्या भागात दुसरे नाही.

बोंडाची गोष्ट अशी असते की बाहेरून ते निकोप दिसते. अळी लहानपणीच आत शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते, आणि आतली सरकी पोखरली गेल्याचे बोंड फोडल्यावरच कळते. म्हणूनच शेतातून २० हिरवी बोंडे तोडून ती फोडून पाहायला आणि कामगंध सापळ्यातील, म्हणजे मादीच्या गंधाने ओढून घेणाऱ्या सापळ्यातील, पतंग मोजायला कृषी विभाग सांगतो. पण न फोडलेल्या बोंडाबद्दलची आपली अनिश्चितता हे निव्वळ आपले अज्ञान आहे. अळी असेल तर ती फोडण्याआधीही आहे, नसेल तर नाही. काकाजींचे म्हणणे हेच होते, आणि आइनस्टाइन यांचेही जवळपास हेच होते : कणाचा गुणधर्म मापनाआधीही ठरलेलाच असणार, आपल्याला तो माहीत नसतो, इतकेच. हा वाद चर्चेने सुटण्यासारखा नव्हता. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की एकाच उगमातून निघून दूर गेलेल्या कणांच्या प्रत्येक जोडीच्या ‘पोटात’ उत्तरे आधीच लिहिलेली असतील आणि एका ठिकाणच्या मापनाचा दुसऱ्या ठिकाणी तत्काळ परिणाम होत नसेल, तर दोन ठिकाणच्या निकालांच्या जुळणीला एक ठरावीक मर्यादा ओलांडता येणार नाही. प्रत्यक्ष प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली जाते. १९७२ मध्ये जॉन क्लाउझर आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलँ आस्पे यांनी हे प्रयोग केले, आणि २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्या दोघांना व झायलिंगर यांना मिळाले. म्हणजे कण हा बोंडासारखा नाही. निदान, आतली अळी दूरच्या दुसऱ्या बोंडाशी कोणत्याही अंतरावरून तत्काळ संधान बांधून आहे असे मानल्याशिवाय तरी नाही. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये तशीही एक सुसंगत मांडणी केलेली आहे.

मात्र यातून काकाजींच्या शेतातल्या बोंडाला काही होत नाही. बोंडात अणूंची संख्या अफाट आहे, हवा, ऊन, ओल यांचा त्याच्याशी अखंड संबंध आहे, आणि खुणा क्षणोक्षणी उमटत असतात. अळी सरकी खाते ती कोणी पाहण्याची वाट न पाहता. एवढे उत्तर काकाजींना द्यायला हवे होते, आणि ते दिले असते तर दुसऱ्या दिवसाचे सत्र घेणे अवघड गेले असते.

दुसऱ्या दिवसाच्या सत्रात सांगितले ते असे : मापनाआधी सर्व शक्यता असतात, मन एक शक्यता प्रत्यक्षात आणते, म्हणून ज्या शक्यतेचे चित्र मनात स्पष्ट धराल ती प्रत्यक्षात येईल. कपाशीच्या ओळीत उभे राहून डोळे मिटून भरलेली बोंडे पाहा, परीक्षेच्या आधी गुणपत्रक पाहा, दवाखान्यात जाण्याआधी रक्तातील साखर कमी झालेली पाहा. तिसऱ्या पायरीवर एक उडी आहे, आणि ती इतक्या सफाईने मारली जाते की माझ्या शेजारी बसलेल्या विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकांच्याही ती ध्यानात आली नाही.

माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये दिलेला नियम असा आहे की कोणता निकाल किती वेळा येईल याची संभाव्यता तरंगफलनावरून, म्हणजे कणाच्या सर्व शक्यता मांडणाऱ्या गणिती सूत्रावरून, ठरते. ती पन्नास-पन्नास असेल तर पुष्कळ मापनांत निकाल निम्मे-निम्मे येतात, पाहणारा कोण आहे आणि त्याची इच्छा काय आहे याने त्यात बदल होत नाही. मनाला सर्वाधिक मान देणाऱ्या नॉयमन, लंडन-बाउअर आणि सुरुवातीच्या काळातील विग्नर यांच्याही मांडणीत हा नियम जसाच्या तसा आहे. निकाल लागला, यावर शिक्कामोर्तब करण्याचा मान त्यांनी फार तर मनाला दिला. कोणता निकाल लागावा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणीही दिलेला नाही. शिबिरात पहिल्या गोष्टीचे पुरावे दाखवून दुसरी गोष्ट विकली जाते, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

मनाने निकाल घडतो ही कल्पना कोणी तपासूनच पाहिली नाही, असेही नाही. १९७७ मध्ये ॲब्नर शिमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये एक साधा पण चलाख प्रयोग केला. किरणोत्सारी स्रोताच्या नोंदी दोन ठिकाणच्या आकडे दाखवणाऱ्या यंत्रांवर येत. एका जागी बसलेला माणूस कधी आकडा पाही, कधी न पाही. दुसऱ्या जागी बसलेल्याने तोच आकडा थोड्या वेळाने पाहून, आधीच्याने तो पाहिला होता की नाही, हे ओळखायचे. जाणिवेने खरोखर काही बदल होत असेल, तर नंतरच्याला तो जाणवण्याची शक्यता होती. ओळखण्याचे प्रमाण नाणेफेकीइतकेच निघाले. विग्नर यांच्या मताचा यातून शेवटचा निकाल लागत नाही, कारण जाणिवेचा परिणाम नंतरच्याला जाणवलाच पाहिजे असे त्यांचे समीकरण म्हणत नाही. पण मनाने आकडा हवा तसा वळवण्याच्या दाव्याला यातून बळ मिळत नाही, हे नक्की. पुस्तिकेत मात्र ध्यान करणाऱ्यांनी दोन फटींच्या प्रयोगातील पट्टे बदलल्याचा उल्लेख आहे. तसे निष्कर्ष परामानसशास्त्राचे संशोधक डीन रॅडिन यांनी प्रसिद्ध केले होते हे खरे. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर पडताळणीत त्याच पद्धतीतून, कोणीही ध्यान करत नसतानासुद्धा, ‘परिणाम’ दिसून आला, आणि तो खोटा इशारा असल्याचे दाखवले गेले. ही दुसरी ओळ पुस्तिकेत नाही.

साखरेच्या मुद्द्यावर मी जरा कठोर आहे. ‘गोळ्या हळूहळू सुटतील’ असे व्यासपीठावरून बोलले गेले आणि समोर मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या, डॉक्टर गाठायला तालुक्याला यावे लागणाऱ्या स्त्रिया बसल्या होत्या. औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबत १९५४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे. आयोजकांनी पत्रकात तो दावा छापलेला नाही, फक्त तोंडी केला, यावरून त्यांना हे ठाऊक असावे असे वाटते.

आता जे नव्हते त्याबद्दल. क्वांटम सिद्धांत आणि मन यांवर शिबिर घेणाऱ्याने खरे तर एका मताला अर्धा दिवस द्यायला हवा होता, आणि त्याचे नावही दोन दिवसांत निघाले नाही. ते मत म्हणजे क्यूबिझम, चित्रकलेतील नव्हे, तर क्वांटम सिद्धांतातील. कार्लटन केव्ह्स, क्रिस्टोफर फुक्स आणि रूडिगर शाक यांच्या २००२ च्या लेखापासून ते आकाराला आले आणि पुढे डेव्हिड मर्मिन यांच्यासारखा जाणता भौतिकशास्त्रज्ञही त्याचा पुरस्कर्ता झाला. या मताप्रमाणे तरंगफलन हे बाहेरच्या जगातील वस्तूचे चित्र नसतेच. ते मापन करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या अपेक्षांचे, किती पैज लावायला ती तयार आहे याचे, हिशोबी टिपण असते. मापन केले, अनुभव आला, टिपण दुरुस्त केले. यालाच आपण तरंगफलन ‘कोसळले’ म्हणतो. विग्नर यांच्या मित्राचा पेच येथे सहज सुटतो : मित्राला निकाल कळला म्हणून त्याचे टिपण बदलले, बाहेर उभ्या असलेल्या विग्नर यांना तो कळलेला नाही म्हणून त्यांचे बदलले नाही, आणि दोघांची टिपणे निरनिराळी असण्यात काही विसंगती नाही. याच्या शेजारी कार्लो रोव्हेली यांचे १९९६ चे मत ठेवून वाचले तर आणखी गंमत येते, कारण तेही प्रत्येक वर्णन कोणाच्या तरी संदर्भातच खरे मानते, फक्त तो ‘कोणी’ दगड असला तरी त्यांना चालतो.

व्यक्तिनिष्ठतेच्या बाबतीत क्यूबिझमच्या पुढे गेलेले मत मला माहीत नाही, आणि तरीही इच्छेने पीक वाढवण्याच्या धंद्याला ते सर्वांत निरुपयोगी आहे. टिपण माझे आहे. जग माझे ऐकत नाही, ते मला उत्तर देते आणि पुष्कळदा अनपेक्षित देते, हाच या मताचा गाभा आहे. मला स्वतःला हे मत पूर्ण पटत नाही. सर्व काही व्यक्तीच्या अपेक्षांवर सोपवले, तर भिंतीवरचे पट्टे माझ्या जन्माआधी का पडत होते, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मला तोकडे वाटते. पण ज्याला मन आणि क्वांटम यांवर गंभीरपणे विचार करायचा आहे त्याने सुरुवात येथून करावी.

श्रॉडिंगर आणि वेदान्त हा भाग टाळ्या घेऊन गेला. श्रॉडिंगर यांना वेदान्ताची ओढ होती हे अगदी खरे आहे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर यांच्या वाचनातून ती लागली आणि आपले समीकरण १९२६ मध्ये मांडण्याच्या आधीच ती रुजलेली होती. सर्व जाणीव एकच आहे, असे त्यांनी पुढे लिहिलेही. परंतु समीकरण उपनिषदांतून निघाले, या विधानाला त्यांच्या लेखनात आधार नाही, आणि एकाच वेळी जिवंत आणि मेलेली अशी १९३५ ची काल्पनिक मांजर त्यांनी जन्माला घातली ती पाहण्याने सृष्टी बनते हे सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर असे मानल्यास कसली हास्यास्पद अवस्था ओढवते हे दाखवण्यासाठी. भारतीय धागा हवाच होता तर १४ जुलै १९३० ला बर्लिनजवळच्या काप्युटमध्ये आइनस्टाइन आणि रवींद्रनाथ टागोर यांची झालेली भेट घ्यायची होती. सत्य माणसावाचून असू शकते का, यावर दोघे थेट एकमेकांसमोर उभे राहिले. टागोरांनी नाही म्हटले, आइनस्टाइन यांनी आहे म्हटले, आणि कोणीही दुसऱ्याला पाणी, पेन ड्राइव्ह किंवा तांब्याची चकती विकली नाही.

त्या चकतीवरून सांगते : दुसऱ्या दिवशी दुपारी २,१०० रुपयांचा एक संच विक्रीस ठेवला जातो. त्यात तांब्याची चकती, बाटली, ध्यानाच्या ध्वनिमुद्रणाचा पेन ड्राइव्ह आणि शेताच्या चार कोपऱ्यांत पुरण्यासाठी चार कांड्या असतात. कोणी जबरदस्ती करत नाही, पण ज्यांनी घेतला त्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात, आणि गावात एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांमध्ये ही जबरदस्तीच असते. तेवढ्या पैशांत कामगंध सापळे आणि त्यांचे ल्युअर येतात, आणि त्यांत अडकलेले पतंग मोजता येतात. ध्यानाचे सत्र स्वतंत्रपणे पाहिले तर वाईट नव्हते. मन शांत झाले असे पुष्कळांनी सांगितले आणि ते खोटे असण्याचे कारण नाही; फक्त त्याला क्वांटमची गरज नव्हती. मेंदूत क्वांटम अवस्था टिकते का, याचा हिशोब मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये मांडला होता, आणि सेकंदाच्या एका लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळात ती विस्कटते असे त्यांचे उत्तर आले. जाणीव मेंदूतील क्वांटम क्रियांतून येते असे मानणाऱ्या रॉजर पेनरोझ आणि स्टुअर्ट हॅमेरॉफ यांच्या बाजूच्या लोकांनी त्यातील गृहीतकांवर आक्षेप घेतले आहेत आणि तो वाद चालू आहे. त्या वादाचा तांब्याच्या चकतीशी मात्र संबंध नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्या दिवसाला चार आणि दुसऱ्याला शून्य. अकरावी-बारावीच्या मुलांना पहिल्या दिवशी जरूर पाठवावे, आणि त्यांनी प्रश्न विचारावेत. मधुमेह, रक्तदाब, मिरगी असलेल्यांनी दुसऱ्या दिवसापासून लांब राहावे आणि कोणाच्याही सांगण्यावरून गोळ्या सोडू नयेत. मी दुसऱ्या दिवसाचे पैसे परत मागितले तेव्हा ‘जेवणाचा खर्च झालेला आहे’ हे उत्तर मिळाले, आणि ते जेवणापुरते मला मान्य आहे. केवळ पहिल्या दिवसाची नोंदणी १,२०० रुपयांत होते, पण ही सोय पत्रकावर छापलेली नाही. नोंदणीच्या टेबलावर स्पष्ट मागितली तरच वेगळी पावती फाडून देतात, तेव्हा ती आधीच मागून घ्यावी.